सांगणाऱ्या मुलाचा मोबाईल काढून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाशाळांतून 'सायबर सुरक्षा' या विषयावर व्याख्याने होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. ती कशी होतात, हेही शिक्षकांना ठाऊक आहे. पटांगणात पहिलीपासून दहावीपर्यंतची मुले मांडी घालून बसतात, प्रोजेक्टरवर तोंड झाकलेल्या हॅकरचे चित्र येते, पाहुणे पाऊण तास बोलतात, फसवणुकीच्या चार भयंकर हकिकती सांगतात, मग आभार आणि वंदे मातरम्. दुसरीतल्या पोराच्या डोक्यात त्यातले एवढेच उरते की मोबाईलवर काही वाईट झाले की पोलीस येतात. त्यावरून ते आपल्यापुरता सरळ हिशेब मांडते. काही झालेच, तर कुणाला सांगायचे नाही.

आम्ही कोल्हापुरातले काही प्राथमिक शिक्षक आणि संगणक शिकवणारे आहोत. या पत्रात पहिली ते चौथीच्या, म्हणजे सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतेच बोलायचे आहे. या वयातल्या मुलाची सुरक्षितता कुठल्या ॲपवर फारशी अवलंबून नसते. पडद्यावर काही विचित्र दिसले किंवा कुणी नको ते विचारले, तर ते मूल लगेच उठून घरातल्या मोठ्या माणसाकडे येते की नाही, यावर सारे ठरते. का येत नाही, हे मुलेच सांगतात. "सांगितलं की मोबाईल काढून घेत्यात." म्हणजे सांगितल्याची शिक्षा होते आणि लपवल्याची होत नाही. हे उलटे गणित सुलटे होईपर्यंत बाकी सगळे उपाय निम्मेच चालतात.

वर्गात शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे तीन हालचाली. पालथा घाल, उठ, सांग. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे साधारण १५ बाय ७ सेंटिमीटरचे तुकडे कापून प्रत्येक मुलाला त्याचा 'फोन' द्यायचा, त्यावर एका बाजूला कागद चिकटवायचा. शिक्षकाने एकेक प्रसंग बोलायचा. "कुत्र्याचं पिल्लू दिसलं." "गाणं लागलं." "एक दादा विचारतोय, तू घरी एकटी आहेस का?" इथे मुलाने फोन पालथा घालायचा, जागेवरून उठायचे आणि 'आई' म्हणून बसवलेल्या मुलाकडे जायचे. पहिल्या दिवशी मुले हसतात, पिल्लू दिसले तरी फोन पालथा घालतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात आपोआप वळू लागतो. आगीच्या वेळचा सराव असतो तसाच हा सराव आहे आणि तोही महिन्यातून एकदा पुन्हा करावा लागतो, नाहीतर विसरतो.

फोन बंद करायला न सांगता पालथा घालायला का सांगायचे? घाबरलेले मूल मागे जायचे बटण शोधता शोधता जाहिरातीवर बोट ठेवते. जाहिरातीची फुली तांदळाच्या दाण्याएवढी असते, बोट चुकते आणि आणखी दुसरेच पान उघडते. पालथा घातला की ते दृश्य त्या क्षणी नजरेआड होते, पण फोनमध्ये तसेच राहते. मोठ्या माणसाला नेमके काय होते ते पाहता येते आणि मुलाला त्याचे वर्णन करावे लागत नाही. या वयाच्या मुलाकडे त्या वर्णनाचे शब्दच नसतात. म्हणून एक तयार वाक्यही पाठ करून द्यावे, "मला एक दाखवायचंय, रागवू नका." वाक्य तयार नसेल, तर मूल शेजारी येऊन नुसते उभे राहते आणि आपण "काय पाहिजे?" म्हणून त्याला परत पाठवतो.

मोठ्या माणसाचेही पहिले वाक्य ठरलेले असावे. "सांगितलंस ते बरं केलंस." बाकी सगळे त्यानंतर. "कुणी सांगितलं होतं तिकडं जायला?" हा प्रश्न मनात आला तरी गिळावा. त्या दिवशी फोन शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. बंद करायचाच झाला, तर परत कधी मिळणार ते सांगावे, "जेवण झाल्यावर दोघं मिळून उघडू." आई-बाबा दोघेही कामावर असतील, तर घरी आजी असते आणि आजीचा साधा उपाय म्हणजे फोन कपाटात. तेव्हा आजीलाही हे वाक्य शिकवावे लागते. ती बहुधा आपल्याआधी शिकते.

दुसरा खेळ दोन खोक्यांचा. चपलांची रिकामी खोकी चालतात. एकावर 'कुणालाही सांगू', दुसऱ्यावर 'विचारून सांगू'. वीसेक चिठ्ठ्या करायच्या. आवडता रंग, आवडता खेळाडू, पूर्ण नाव, शाळेचे नाव, बाबांचा नंबर, ओटीपी, घराजवळची खूण, शाळेची रिक्षा किती वाजता येते, आई घरी कधी येते, गणवेशातला फोटो. ओटीपी आणि नंबर मुले बरोबर टाकतात, कारण ते सगळीकडे ऐकलेले असते. चुकतात ती वेळांच्या चिठ्ठ्यांत. "साडेबाराला शाळा सुटते" ही त्यांना माहितीच वाटत नाही, ते सगळ्यांनाच ठाऊक असते ना! शाळेचे नाव एका गेममध्ये, रिक्षाची वेळ दुसऱ्या दिवशी, "आज आई उशिरा येणार" तिसऱ्या दिवशी. तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, की तिसरीतल्या मुलांनाही कळते. गणवेशावरच्या बॅजचेही तसेच. नाव न सांगता फोटो दिला, तरी शाळा कळतेच.

तिसरी गोष्ट शब्दांची आहे. 'अनोळखी माणसाशी बोलू नको' हे वाक्य इंटरनेटवर चालत नाही. रोज संध्याकाळी गेममध्ये भेटणारा, 'भावा' म्हणून हाक मारणारा, हरलो तर धीर देणारा दादा मुलाच्या लेखी अनोळखी नसतोच. आठ दिवसांत तो दोस्त होतो. त्यापेक्षा 'गंमत' आणि 'गुपित' यांतला फरक शिकवावा. आईच्या वाढदिवसाचा केक लपवून ठेवणे ही गंमत, ती काही दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते. 'आपल्या दोघांतच ठेव, घरी सांगितलंस तर मी बोलणार नाही', हे गुपित. माणूस ओळखीचा असो वा नसो, घरच्यांपासून लपवायला सांगणारे गुपित सांगूनच टाकायचे. हा नियम नात्यातल्या माणसालाही लागू पडतो, आणि तो तसा पडलाच पाहिजे.

मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांची पद्धत जवळपास ठरलेली असते. आधी कौतुक, मग गेममधली फुकटची भेट, मग "इथं नको, दुसऱ्या ॲपवर बोलू", मग गुपित, मग फोटो, शेवटी धमकी. यातल्या तिसऱ्या पायरीवर मुलाला थांबवणे सगळ्यांत सोपे. म्हणून 'दुसरीकडे बोलू' हे शब्द आले की फोन पालथा, एवढे पाठ करून घ्यावे. पुढचे भयंकर तपशील या वयाला सांगायची गरज नसते.

घरात एक परवलीचा शब्दही ठेवावा. शाळेबाहेर कुणी म्हणाले, "आईनं मला पाठवलंय", किंवा फोनवर अगदी बाबांसारखा आवाज आला, तर मुलाने तो शब्द विचारायचा. आवाजाची नक्कल आता संगणक करतो, त्यामुळे आवाज ओळखीचा आहे एवढ्यावर भागत नाही. शब्द घराशी, गावाशी, आवडीनिवडीशी जोडलेला नको. कोल्हापुरात 'तांबडा-पांढरा' ठेवला तर पहिल्याच फटक्यात ओळखला जाईल. 'शिडी', 'टाचणी' असला काहीतरी बिनसंबंधाचा शब्द चांगला, आणि एकदा वापरला की बदलायचा.

आता घरच्या फोनकडे वळू. सुरक्षिततेचे बहुतेक सल्ले मुलाकडे स्वतःचा फोन आहे असे धरून दिलेले असतात. आपल्याकडे तिसरीतल्या मुलाच्या हातात आईचा फोन असतो, कारण गृहपाठ त्याच व्हॉट्सॲपवर येतो. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामला वयाची १३ वर्षांची अट आहे, पण खाते आईचे असल्यामुळे त्या ॲपच्या दृष्टीने समोर पस्तिशीची बाई बसलेली असते. इन्स्टाग्रामने किशोरांसाठी बंदिस्त खाती आणली, तीही इथे उपयोगाची नाहीत. मुलाच्या फोनवर पालकांना ताबा देणाऱ्या गुगलच्या फॅमिली लिंक या ॲपचेही तेच. ते मुलाच्या वेगळ्या खात्यावर आणि वेगळ्या फोनवर नीट चालते, आईच्या फोनवर आईच्या खात्यात ते काहीच अडवत नाही. ते बसवले म्हणून निर्धास्त झालेले पालक आम्हाला जास्त काळजीचे वाटतात.

सामायिक फोनवर काय करता येते? आधी कुलूप. बोटाने रेघ ओढायचा पॅटर्न मुले दोनदा पाहून शिकतात, पडद्यावर बोटाचा तेलकट माग राहतो तो वेगळाच. सहा आकडी पिन ठेवावा आणि त्यात कुणाची जन्मतारीख नको. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणे बंद करावे, नाहीतर ओटीपी कुलूप न उघडताही वाचता येतो. मग 'ॲप पिनिंग'. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत हेच शब्द टाकले की सापडते. ते चालू करताना 'बाहेर पडताना पिन विचारा' ही खूण करायला बरेच जण विसरतात, आणि मग सगळेच वाया जाते. हे केले की गृहपाठाचा व्हिडिओ लावून फोन दिल्यावर मूल त्या ॲपच्या बाहेर जात नाही. मात्र ॲपच्या आत काय दिसते त्यावर याचा काही ताबा नाही. यूट्यूब पिन केले तर मूल यूट्यूबमध्येच राहते आणि यूट्यूब म्हणजे अख्खा बाजार आहे.

म्हणून लहानांना 'यूट्यूब किड्स'. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा असे गट आहेत आणि फक्त पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशीही सोय आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला ही शेवटची सोय लावावी. सुरुवातीला अर्धा तास बसून पंधरा-वीस वाहिन्या निवडाव्या लागतात, पण नंतर त्रास नाही. 'शोध' बंद करावा. यातली एक फट मात्र मजेशीर आहे. पालकांसाठीच्या सेटिंगमध्ये शिरताना हे ॲप कुलूप म्हणून एक गुणाकार विचारते, सात आठे किती अशा थाटाचा. आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या पोराला हे कुलूप म्हणजे चेष्टाच! तिथे आपला चार आकडी संकेतांक लावायची सोय आहे, ती आधी वापरावी.

नेहमीच्या यूट्यूबवर 'रिस्ट्रिक्टेड मोड' असतो. तो चालू केला की बरेच नको ते गाळले जाते आणि खालच्या प्रतिक्रियाही दिसत नाहीत. पण तो एका फोनपुरताच असतो. फोनवर लावला आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर नाही, असे सर्रास होते. टीव्ही सगळ्यांसमोर असतो म्हणून आपण बेफिकीर राहतो. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणे दोन्हीकडे बंद करावे, कारण मूल वाईट काही शोधत नसते, एकामागून एक लागत लागत ते तिथे पोचते. न लिहिता येणारी मुले माइकवर बोलून शोधतात, हेही लक्षात ठेवावे. यंत्र मराठी उच्चार चुकीचे ऐकते आणि भलतेच समोर आणते. पहिली-दुसरीसाठी माइकचा शोध नकोच.

घरी वायफाय असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे टाकले की क्लाउडफ्लेअरची मोफत गाळणी लागते आणि अश्लील व घातक संकेतस्थळे बहुतांशी उघडतच नाहीत. पंधरा मिनिटांचे काम आहे, केबलवाल्या मुलाकडूनही करून घेता येते. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्डही त्याच बैठकीत बदलावा. फोन मोबाईल डेटावर गेला की ही गाळणी संपते, कारण ती घरच्या तारेला लावलेली असते.

जुना फोन मुलाला देण्याची पद्धत तर घरोघर आहे. नवा घेतला, जुन्यातले सिम काढले, पोराला दिला. सिम नसले तरी त्यात आईचे गुगल खाते, साठवलेले पासवर्ड, सगळे फोटो, कदाचित बँकेचे ईमेल तसेच असतात. आधी पूर्ण रिकामा करून, म्हणजे फॅक्टरी रीसेट करून, मुलाच्या खऱ्या जन्मवर्षाचे वेगळे खाते उघडून द्यावा. फॅमिली लिंक इथे उपयोगी पडते. ॲप उतरवायला आपली परवानगी, रात्रीची बंद वेळ, रोजची मर्यादा, सगळे आपल्या फोनवरून लावता येते. वय वाढवून खाते उघडले तर यातले काहीच मिळत नाही.

पैशांचे दोन शब्द. "दुकानातनं दूध घेऊन ये, पिन माहिताय न्हवं?" असे म्हणून मुलाच्या हातात फोन देणे थांबवावे. मुलाला पिन माहीत असणे म्हणजे गल्लीतल्या मोठ्या पोरांना माहीत असणे. पिन लपवूनही 'यूपीआय लाइट' हे छोट्या रकमांचे पाकीट चालू असेल, तर एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न विचारता होतो. मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ते बंद करावे किंवा त्यात शंभर-दोनशेच ठेवावेत. ऑटोपेचे, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीचे, हप्तेही असेच. 'सात दिवस मोफत' म्हणून एकदा मंजुरी गेली की पुढचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते पिनशिवाय कापले जाऊ शकतात. यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी महिन्यातून एकदा पाहावी. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असे करावे आणि तिथल्याच पालक नियंत्रणात ३+ किंवा ७+ ची मर्यादा लावावी. आधीच उतरवलेल्या गेमना ही मर्यादा लागत नाही, ते हाताने काढावे लागतात.

गेमच्या बाबतीत 'फुकट डायमंड' (गेममधले चलन) हा सगळ्यांत जुना गळ आहे आणि अजून चालतो. फ्री फायर मॅक्स खेळणाऱ्या मुलाला एक लिंक येते, त्यावर गुगल किंवा फेसबुकने लॉग-इन करायला सांगतात. डायमंड येत नाहीत, खाते मात्र जाते. खाते आईचे असल्यामुळे फोटो, संपर्क, ईमेल सगळेच जाते. दुसरा गळ एपीके फाइलचा, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फाइलचा. गेमची 'मॉड' (फेरफार केलेली) आवृत्ती म्हणून, लग्नपत्रिका म्हणून, वाहनाचे चलन म्हणून ती व्हॉट्सॲपवर येते. बसवल्यावर ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, मूल 'हो' दाबते आणि त्यानंतर येणारे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. 'अनोळखी ॲप बसवणे' ही परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिन्हींसाठी बंद ठेवली की हा रस्ता बराचसा अडतो. गेममधला आवाजी संवाद लहानांसाठी बंद ठेवावा आणि गेमची माइकची परवानगीही काढावी. नुसता गेममधला आवाज बंद केला, तर मूल तो पुन्हा चालू करते.

मुलांची माहिती बाहेर घालवणारे दर वेळी मूलच असते असे नाही. आमच्या मते निम्म्याहून जास्त वेळा ते आपणच असतो. वाढदिवसाला चौकात डिजिटल फलक लावण्यात कोल्हापूर कुणाला ऐकणार नाही! फलकावर बाळाचा फोटो, पूर्ण नाव, आजोबांचे नाव, गल्ली किंवा पेठ, वाढदिवसाची तारीख. चौकातला फलक चार दिवसांत उतरतो. त्याचा फोटो स्टेटसवर, तिथून फेसबुकवर गेला की मग उतरत नाही. फलक लावू नका असे कुणी ऐकणार नाही, निदान त्याचा फोटो इंटरनेटवर चढवताना गल्ली आणि तारीख कापावी. रंकाळ्यावर भेळ खातानाचा फोटो तिथूनच टाकण्यापेक्षा घरी आल्यावर टाकावा. बाळाच्या अंघोळीचा फोटो कितीही गोड असला तरी कुठेच टाकू नये.

शाळांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या ऑनलाइन प्रश्नमंजूषा हे आणखी एक दुखणे. दहा प्रश्न सोडवा, ई-प्रमाणपत्र मिळवा. अर्जात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पालकांचा नंबर, शाळा, कधी कधी फोटो. प्रमाणपत्र छापायला नाव आणि इयत्ता पुरते. यापेक्षा जास्त विचारणारा अर्ज शिक्षकांनी पुढे पाठवूच नये. वर्गाच्या ग्रुपवर फक्त ॲडमिननेच लिहावे असे सेटिंग ठेवावे. पालकांनी आपल्या व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतो' याला 'माझे संपर्क' आणि 'अनोळखी कॉल मूक' हे दोन्ही लावावे. मुलाच्या हातात फोन असताना अनोळखी व्हिडिओ कॉल वाजला, तर मूल तो उचलतेच.

इतके करूनही प्रसंग येतो. तेव्हा घाईने होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, सगळे पुसून टाकणे. चॅट, समोरच्याचे नाव किंवा नंबर, त्याच्या प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आधी घ्यावेत आणि मगच ब्लॉक करावे. दुसरी, पैसे देणे. धमकी देणारा एकदा पैसे मिळाले की दुसऱ्या दिवशी दुप्पट मागतो. तिसरी चूक चांगल्या हेतूने होते आणि सगळ्यांत महागात पडते. मुलाचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून मुख्याध्यापकांना, नातेवाइकांना, ग्रुपवर पाठवणे. असे साहित्य पुढे पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, पहिल्याच दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. असल्या चित्राचा स्क्रीनशॉटही घेऊ नये. ते आहे त्या फोनमध्ये राहू द्यावे आणि फोनच पोलिसांना दाखवावा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन. हातात व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ असावी. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत अडवता आले तरच परत येण्याची आशा असते, म्हणून सोमवारी बँक उघडल्यावर बघू, हे चालत नाही. मुलाच्या छळाचा प्रकार असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांचा वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. फोटो पसरण्याची भीती असेल तर अठराखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. ती फोटो मागत नाही, फोनमध्येच त्याचा एक आकडी ठसा बनवते आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो ओळखून काढतात.

पोलीस ठाण्याची पायरी नको, हे पालकांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण २०१२ च्या पोक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यात मुलाला ती पायरी चढावीच लागू नये अशी तरतूद आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-बाबा किंवा मुलाच्या विश्वासाच्या माणसासमोर घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करता येत नाही. हद्दीचे कारण सांगून कुठल्याही ठाण्याला तक्रार परत पाठवता येत नाही. आणि शाळांनी हे विशेष लक्षात घ्यावे की असा गुन्हा कळूनही न कळवणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे. संस्थेची बदनामी नको म्हणून दोन्हीकडच्या पालकांना बोलावून आपसात मिटवणे, हा मार्ग कायद्याने ठेवलेलाच नाही. प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती अपेक्षित आहे. ऑनलाइन प्रकारही तिच्यापुढे आणायचे असतात, हे समितीतल्या सदस्यांनाही एकदा सांगायला हवे.

वेळ कुठून काढायचा, असा प्रश्न येतो. राज्यातल्या शाळांत 'आनंददायी शनिवार', म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उपक्रमांचा शनिवार, आहेच. महिन्यातला एक शनिवार, वीस मिनिटे, एका वर्गापुरते. पुठ्ठ्याचे फोन, चपलांची दोन खोकी, वीस चिठ्ठ्या. पाहुणे नकोत, प्रोजेक्टर नको. त्याच महिन्याच्या पालकसभेत फोनच्या सेटिंगसाठी अर्धा तास ठेवावा आणि पालकांनी फोन हातात घेऊन तिथेच एकेक सेटिंग लावावे. घरी जाऊन लावतो म्हणणारे लावत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये याच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत आले नाही तर महिन्याला एक रुपया दंड होता. तो पालकाला होता, मुलाला नव्हता. फोनच्या बाबतीत आपण दंड कुणाला करतो, ते पालकसभेत मोकळेपणाने विचारावे.

एक राहिले. तक्रारीनंतर पोलिसांना फोन तपासणीसाठी ठेवून घ्यावा लागू शकतो. तेव्हा मोबाईल गेला तो गेलाच, आणि मुलाच्या लेखी तो आपण सांगितल्यामुळेच गेला. त्याच दिवशी मुलाला समोर बसवून सांगावे, "तू दाखवलंस म्हणून त्या माणसाला शोधता येतंय. फोन त्या कामाला गेलाय, तुझ्याकडून काढून घेतलेला नाही." आणि संध्याकाळी त्याचे नेहमीचे अर्ध्या तासाचे कार्टून बाबांच्या फोनवर लावून द्यावे.

आपले,
प्राथमिक शिक्षक व संगणक प्रशिक्षक,
कोल्हापूर